छोट्या चित्रपटाचे सभासद

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आधी दिलेला विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण'. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, तेव्हा तो माझ्या वाट्याला येणार हे उघडच होतं. पण त्या विषयावरचे दोन-तीन व्हिडिओ रोज सकाळी आपल्या ग्रुपवर येऊन पडतात. त्यात आणखी भर नको म्हणून मी विषय बदलून मागितला, आणि त्यांनी तो आनंदाने दिला. तेही ते व्हिडिओ बघत नसावेत.

मला बोलायचं आहे छोट्या मराठी चित्रपटांबद्दल. गेली सात-आठ वर्षं ऑफिस सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी मी अशा चित्रपटांच्या प्रसिद्धीला हातभार लावते. त्याचे पैसे मिळत नाहीत. नाव येतं ते पडद्यावर अगदी शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर. फेसबुकचं पान सांभाळायचं, मेसेज लिहायचे, कुठल्या गावात कुठल्या थिएटरला किती वाजता खेळ आहे याची यादी करायची, असलं हे काम. त्यातून जे कळलं ते सांगते आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागते.

छोटा चित्रपट म्हणजे लांबीने छोटा नव्हे. ज्याच्या पाठीशी मोठी वाहिनी नाही, पोस्टरवर ओळखीचा चेहरा नाही आणि जाहिरातीला पैसा उरलेला नाही, तो छोटा. करणाऱ्याने कुठे पीएफ काढलेला असतो, कुठे घर गहाण टाकलेलं असतं. 'ख्वाडा'साठी भाऊराव कऱ्हाडे यांनी आपली जमीन विकली होती. पुढे त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ सालचं सांगायचं तर रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या स्पर्धेतलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला आणि आपल्याकडे थिएटरमध्ये आला ७ मार्च २०२५ ला. यातला एखादा तरी थिएटरात जाऊन कुणी पाहिला, असं मी विचारणार होते. पण या वर्गात प्रश्न विचारल्यावर किती हात वर होतात, याचा अनुभव बाईंना माझ्यापेक्षा जास्त आहे.

आपला जिल्हा सिनेमाला नवखा आहे असं मुळीच नाही. वाईच्या मेणवली घाटावर 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं, आणि त्याच्या आधी नि नंतर वाई परिसरात कितीतरी हिंदी-मराठी युनिटं येऊन गेली. शूटिंग आहे असं कळलं की आपण सहकुटुंब बघायला जातो. पण आपल्याच माणसाने आपल्याच बोलीत केलेला छोटा चित्रपट साताऱ्यात लागला, तर तो कधी आला आणि कधी गेला, याचा पत्ता लागत नाही.

याचं कारण प्रेक्षकांची उदासीनता असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आधी व्यवहार समजून घेऊ.

चित्रपट शुक्रवारी लागतो. छोट्या चित्रपटाला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मिळाला तर एखादा खेळ मिळतो, तोही बहुतेक सकाळी अकराचा नाहीतर भर दुपारचा. त्या वेळेला नोकरदार ऑफिसात, शिक्षक वर्गात आणि दुकानदार गल्ल्यावर. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत, तर सोमवारपासून तो खेळ दुसऱ्या चित्रपटाला जाण्याची दाट शक्यता. यात थिएटरवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्याचं विजेचं बिल आणि माणसांचे पगार रिकाम्या खुर्च्यांतून निघत नाहीत. पूर्वी चांगला चित्रपट कर्णोपकर्णी पसरायचा. पहिल्या आठवड्यात दहा जणांनी पाहिला, त्यांनी पन्नासांना सांगितलं, तिसऱ्या आठवड्यात गर्दी झाली, असं व्हायचं. आता तो तिसरा आठवडाच उरलेला नाही. जे काही कानोकानी व्हायचं ते रविवारच्या रात्रीपर्यंत. समाजमाध्यमांचं महत्त्व आहे ते इथे, या वेगासाठी.

काही वर्षांपूर्वी मी एका चित्रपटासाठी काम करत होते. नाव सांगत नाही, कारण दिग्दर्शक मित्र आहे आणि त्याला कीव नको आहे. त्याच्या ट्रेलरला लाखाच्या वर व्ह्यूज होते. खाली लोकांनी 'अंगावर काटा आला', 'मराठीत असे चित्रपट व्हायला हवेत', 'नक्की बघणार' असं भरभरून लिहिलं होतं. सांगलीत शुक्रवारी दुपारच्या खेळाला माणसं बोटांवर मोजण्याइतकी आली. सोमवारी खेळ उतरला. आणि मंगळवारपासून पानावर विचारणा सुरू झाली: 'सांगलीत कुठे लागलाय?' एक विट्याहून, एक इस्लामपूरहून, एक कऱ्हाडहून. म्हणजे माणसं होती, यायला तयारही होती. त्यांना कळलं तेव्हा खेळ उतरलेला होता. त्या मित्राने घरावर कर्ज काढलं होतं. आता तो पुन्हा नोकरी करतो आणि हप्ते फेडतो. त्याच्या दुसऱ्या चित्रपटाची संहिता लिहून तयार आहे, कपाटात.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. पहिला चित्रपट माणूस हट्टाने करतो. दुसरा करू शकेल की नाही, हे प्रेक्षकाच्या हातात असतं.

मग मी इंजिनियरच्या सवयीने हिशेब मांडायला बसले. लाख लोकांनी ट्रेलर पाहिला तर माणसं गेली कुठे?

पहिली गोष्ट, ते लाख लोक एका जागी नसतात. कुणी पुण्यात, कुणी ठाण्यात, कुणी दुबईत. खुर्ची मात्र एका गावात, एका थिएटरात, एका ठराविक वेळेला असते. सांगलीच्या दुपारच्या खेळाला दुबईच्या लाइकचा उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण सोपी करून सांगते. एखाद्या पानाला दहा हजार लोकांनी फॉलो केलेलं असलं, तरी त्या पानावर लिहिलेलं दहा हजारांना दिसत नाही. यंत्रणा ते आधी थोड्या लोकांना दाखवते. ते थांबले, त्यांनी काही लिहिलं, पुढे पाठवलं, तर आणखी लोकांना दाखवते. ते बोट सरकवून पुढे गेले तर तिथेच थांबवते. त्या यंत्रणेचा हेतू एकच, माणूस फोनवर राहिला पाहिजे. आणि आपला हेतू काय, तर माणसाने फोन खिशात घालून थिएटरात जावं आणि दोन तास अंधारात बसावं. दोघांची तोंडं दोन दिशांना. ज्या दुकानाचा धंदा तुम्हाला दुकानात अडकवून ठेवण्यावर चालतो, ते दुकान तुम्हाला शेजारच्या दुकानाचा रस्ता कशाला दाखवेल? पैसे देऊन जाहिरात करता येते, आणि सांगली-मिरजेपुरतीच दाखवा असं सांगताही येतं. ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत त्याने ते तिथेच घालावेत. पण बहुतेकांकडे तेवढेही नसतात.

तिसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. तिथे मेसेज वर-खाली करणारी अशी यंत्रणा नाही, ज्याला पाठवला त्याला तो मिळतो. पण २०१८ पासून भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि खूप हातांतून फिरून आलेला मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी. अफवा रोखण्यासाठी ही बंधनं आली. प्रसिद्धी करणाऱ्या पुष्कळांनी तेव्हा कपाळाला हात लावला. मला मात्र त्यातून एक धडा मिळाला. दोन बाण असलेला, शंभर जणांकडून आलेला मेसेज आपण उघडतही नाही. आणि आपल्या वर्गातल्या एखादीने स्वतः टाइप केलेल्या दोन ओळी आपण चष्मा लावून वाचतो.

आता आपल्याच शाळेचं एक उदाहरण देते. तास चालू असताना मामा सूचनांची वही घेऊन दारात यायचे, आठवतं? बाई फळ्याकडची पाठ वळवून वही हातात घ्यायच्या आणि वाचायच्या: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांना अमुक थिएटरात 'श्यामची आई' दाखवण्यात येईल, सवलतीचं तिकीट इतके रुपये, पैसे गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे जमा करावेत. खाली मुख्याध्यापकांची सही. शनिवारी आपण दोन-दोनच्या रांगेने थिएटरात. खुर्च्या भरलेल्या, थिएटरवाला खूश, आणि अर्धा वर्ग रडून लाल.

प्रसिद्धीचं शास्त्र म्हणून त्या सूचनेकडे पाहा. काय पाहायचं, कुठे, केव्हा आणि किती पैशांत, हे चार ओळींत होतं. सांगणारं माणूस विश्वासातलं होतं. पैसे आधी जमा होत होते, त्यामुळे थिएटरवाल्याला आकडा आधी कळत होता. आणि एकटं कुणी जायचं नव्हतं, सगळ्यांनी मिळून जायचं होतं. 'चित्रपट अप्रतिम आहे, जरूर पाहा' असलं एक अक्षर त्या वहीत नव्हतं. आज लाखभर रुपये घेऊन प्रसिद्धी करणारे लोक यातल्या निम्म्या गोष्टी विसरतात. पोस्टर सुंदर, संगीत झकास, आणि 'सर्वत्र प्रदर्शित'. सर्वत्र म्हणजे कुठे, ते शोधायचं प्रेक्षकाने.

मी अभियांत्रिकीला सांगलीला होते, वालचंदला. विश्रामबागेतून सायकली काढून आम्ही भावे नाट्यमंदिरात नाटकांना जायचो. ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह, त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, हे आपण इतिहासात शिकलो. त्याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन होते. १८५१ मध्ये ते वारले आणि राजाश्रय सुटला. मग भाव्यांनी मंडळी बरोबर घेतली, गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले. पाठीराखा गेल्यावर कलावंताने प्रेक्षक कसा शोधायचा, हा प्रश्न सांगलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे.

आणि दुसरं एक उत्तर आपल्या भागाला चांगलं ओळखीचं आहे. ते म्हणजे सहकार.

१९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते आणि पडद्यावर स्मिता पाटील. विषय गुजरातच्या दूध सहकाराचा. तिथल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढले आणि दहा लाखांत चित्रपट उभा राहिला. लागला तेव्हा गावोगावचे शेतकरी ट्रक भरभरून बघायला आले. येणारच. चित्रपट त्यांचा होता. फेसबुक नव्हतं, फोनही गावात एखादा. पण पाच लाख सभासदांची यादी, गावोगावची डेअरी आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिथे भेटणारी माणसं होती.

'श्वास'चंही तसंच. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला तो त्याच्यामुळे. २००४ मध्ये तो ऑस्करला निघाला तेव्हा तिकडच्या प्रचारासाठी पैसे हवे होते. शाळकरी मुलांपासून नाटकवाल्यांपर्यंत लोकांनी मदत गोळा केली. ऑर्कुट आणि फेसबुक नुकतेच जन्माला आले होते, आपल्याकडे कुणाला ठाऊकही नव्हते.

पुढे हीच गोष्ट इंटरनेटवर होऊ लागली. ओनीर यांनी 'आय अ‍ॅम'साठी फेसबुकवरून लोकांना हाक दिली आणि चारशेच्या आसपास माणसांनी पैसे घातले. कर्नाटकात पवन कुमार यांनी निर्माते दाद देईनात म्हणून ब्लॉगवर लिहिलं, आणि ११० लोकांनी २७ दिवसांत ५१ लाख रुपये दिले. तो चित्रपट 'लूसिया', २०१३ चा. त्याच वर्षी 'शिप ऑफ थिसिअस' आधी मोजक्या शहरांत लागला आणि त्यांनी फेसबुकवर मतं मागितली: तुमच्या शहरात हवा असेल तर कळवा. जिथून मागणी आली तिथे चित्रपट जात गेला. मला हे फार हुशारीचं वाटतं. 'आम्हाला लाइक करा' असं न म्हणता 'तुमचं गाव सांगा' असं विचारलं की थिएटरवाल्यापुढे ठेवायला हातात काहीतरी येतं.

मराठीतलं मला सगळ्यात जवळचं उदाहरण 'अस्तु'चं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे प्राध्यापक, आणि हत्तीच्या मागे जाऊन हरवलेले. डॉ. मोहन आगाशे यांची प्रमुख भूमिका. अमृता सुभाष यांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी चित्रपट थिएटरात यायला २०१६ उजाडलं, आणि त्यासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी काढावी लागली. डॉ. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी हा चित्रपट डॉक्टरांपुढे, आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्यांपुढे नेला, नंतर चर्चा केल्या. ज्या घरात वडील मुलीचं नाव विसरलेत, त्या घराला या चित्रपटाची जाहिरात करावी लागत नाही. फक्त तो आहे, हे त्यांना कळावं लागतं. प्रत्येक छोट्या चित्रपटाचा असा एक समाज कुठेतरी असतोच. शेतकरी, परिचारिका, कुस्तीचे वस्ताद, धनगर, लग्नाला आलेल्या मुलींचे आईवडील. त्यांचे स्वतःचे ग्रुप असतात. प्रसिद्धी करणाऱ्याचं पहिलं काम तो समाज शोधणं, पोस्टर त्याच्यानंतर.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, सरळ यूट्यूबवर टाका. तोही रस्ता आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांनी करून दाखवलाय. नितीन पवार आणि कोरी पाटी प्रॉडक्शनची 'गावाकडच्या गोष्टी' तुम्ही सगळ्यांनी पाहिलीच असेल. आपल्याकडचीच गावं, आपल्याकडचीच बोली, नटही आपल्यातलेच वाटावेत असे. पुण्या-मुंबईत खोली करून राहणारी पोरं रात्री जेवताना ती बघतात, कारण त्यात त्यांना घरचं बोलणं ऐकू येतं. पुढे त्यांनीच केलेली 'आठवी-अ' तर आपल्यासारख्यांसाठीच काढल्यासारखी आहे. तिथे प्रेक्षक भागामागून भाग येत राहतो, खाली लिहितो, पुढचा भाग कधी म्हणून भांडतो. हा समाज एका रात्रीत जमलेला नाही. वर्षानुवर्षं नियमाने काम दिल्यावर जमलाय. ज्याच्याकडे एकच दोन तासांचा चित्रपट आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याला तेवढी वर्षं नसतात. म्हणून त्याला थिएटर लागतं.

आणि बोलणारी माणसं टिकून राहिली तर काय होतं, ते 'तुंबाड'ने दाखवलं. २०१८ मध्ये थिएटरात बेताचाच चालला. मग लोकांनी तो घरी पाहिला आणि सहा वर्षं एकमेकांना सांगत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. पण पुन्हा लावायचं बळ सगळ्यांकडे नसतं. माझ्या मित्राच्या चित्रपटाला दुसरा शुक्रवार मिळाला नाही.

या सगळ्यातून माझ्या मनात एक फरक पक्का झाला आहे, फॉलोअर आणि सभासद यांतला. आपल्या भागात हे समजावून सांगायला लागू नये. कारखान्याचा सभासद शेअर घेतो, ऊस घालतो, आणि सर्वसाधारण सभेत उभा राहून चेअरमनला जाबही विचारतो. कारखाना चालला नाही तर त्याचं काहीतरी जातं. फॉलोअरचं काही जात नाही, तो अंगठा दाखवून पुढे सरकतो. छोट्या चित्रपटाला लाख फॉलोअर मिळाले तर दिग्दर्शकाला चार दिवस बरं वाटतं. एका गावात पन्नास सभासद मिळाले तर त्याचा खेळ सोमवारी टिकण्याची आशा असते.

सभासदाने काय करायचं? अनुभवाने सांगते.

मेसेज पुढे ढकलू नका, स्वतः दोन ओळी लिहा, आणि त्यात थिएटर, वार, वेळ आणि तिकिटाचा दर घाला. चित्रपट बघायचं ठरलं असेल तर तिकीट गुरुवारी काढा, कारण आगाऊ विक्री थिएटरवाल्याला दिसते. पंचवीस-तीस जण असाल तर आधी थिएटरच्या मॅनेजरला जाऊन भेटा. एवढी माणसं नक्की येणार म्हटल्यावर तो सोयीच्या वेळेचा विचार करतो, निदान ऐकून तरी घेतो. बघून आल्यावर त्याच रात्री लिहा, चार दिवसांनी लिहिलेल्याचा उपयोग त्या चित्रपटाला नाही.

आणि खरं लिहा. मी या चित्रपटांची प्रसिद्धी करते, तरी सांगते: मराठी आहे म्हणून बघा, कष्टाने केलाय म्हणून बघा, असं कुणी कुणाला सांगू नये. वाईट चित्रपटाला चांगला म्हटलं की पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कुणी घराबाहेर पडणार नाही. ग्रुपमधला विश्वास हेच आपलं भांडवल. ते खोट्या स्तुतीवर खर्चायचं नाही. विकत घेतलेले लाइक आणि पैसे देऊन लिहून घेतलेली परीक्षणं यांचाही शेवट असाच होतो.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. चित्रपट लागल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची चोरटी लिंक कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येते. पाठवणारा प्रेमानेच पाठवतो, 'घरबसल्या बघा'. थिएटरात चोरून चित्रण करणं आणि तसली प्रत पसरवणं यांना २०२३ च्या सुधारित कायद्यात किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्याने घर गहाण टाकलंय त्याच्या खिशातून आपण पैसे काढतोय, एवढं लक्षात ठेवू.

आता माझं मागणं.

आपल्या बॅचचे चाळीसेक जण आजही साताऱ्यात आहेत आणि बारा-पंधरा सांगली-मिरजेत. कऱ्हाडचे मधल्या मध्ये, ते दोन्हीकडे. आपण वर्षाला चार चित्रपट ठरवू. चारच. निवड करणाऱ्या मंडळात आपल्या मराठीच्या बाई असाव्यात अशी माझी विनंती आहे. त्यांना न आवडलेलं काही पास होणार नाही, हे दहावीपासून ठाऊक आहे. चित्रपट ठरला की साताऱ्यात आणि सांगलीत एकेका खेळाला आपण आणि आपल्यासोबत प्रत्येकी दोन माणसं. खेळ संपल्यावर बाहेर चहा पीत बोलू, आणि शक्य झालं तर फोनवर दिग्दर्शकाला घेऊ. ज्याला आवडला नाही त्याने त्याला तसं तोंडावर सांगावं. त्यालाही ते हवं असतं.

जे पुण्यात, बंगळूरला, अमेरिकेत आहेत, त्यांना येता येणार नाही. त्यांनी आपल्या वाट्याची तिकिटं शाळेतल्या नववीच्या मुलांसाठी काढून द्यावीत. आत्ताच्या मुलांच्या हातात फोन आहे, त्यावर ती स्वतः लहान लहान फिल्म करतात. काल स्नेहसंमेलनाच्या सभागृहात त्यांनी दाखवलेली फिल्म तुम्ही पाहिलीत. तीन मिनिटांची होती, आवाज फाटत होता, आणि शेवटच्या दृश्याला मागची मावशी डोळे पुसत होत्या. यातलं एखादं मूल उद्या मोठा चित्रपट करेल आणि तो घेऊन आपल्या गावी येईल. तेव्हा तो कुठल्या थिएटरला, किती वाजता लागलाय, हे सांगणारं आणि तिकीट काढून आत बसणारं कुणीतरी इथे असायला हवं.

जेवणाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. तीनच रकाने आहेत: नाव, गाव, आणि शनिवार जमतो की रविवार. फोन नंबर लिहू नका, ते आपल्याकडे आहेत. वर्गणी नाही. रांग मोडून कुणी जेवायला जाऊ नये म्हणून वही पानाच्या आधी ठेवली आहे.